लाल थरातलं पाणी

४ फेब्रुवारी

ही वही हिने आणून दिली. बोअरच्या वहीत मी अधूनमधून मनातलं खरडायला लागलो होतो. "दोनशे फूट, काळा दगड, आज जेवण गेलं नाही", असं काहीतरी. ते हिने वाचलं आणि म्हणाली, दगडाचं दगडाच्या वहीत लिहा, पोटातलं वेगळीकडे लिहा.

तर पोटातलं. आज शिंप्याच्या अंगणात बोअर मारला. चारशे वीस फूट, नुसता फुफाटा. नव्वद फुटांवर लाल थर लागला तेव्हा मुलाने गाडीवरून हात वर केला, कारण आमच्याकडे पाणी लागतं ते दोन काळ्या दगडांच्या मधल्या या लाल थरातच. पण थर कोरडाठाक. बिस्किटाच्या भुग्यासारखा बाहेर आला. त्याच्याखाली काळा दगड, आणि त्याच्याखाली आणखी काळा दगड. शिंपी 'मारा' म्हणत राहिला, मी मारत राहिलो. शेवटी त्याच्या आईने चहा आणला. चहावर धुळीची साय धरली होती. म्हातारीने ती बोटाने बाजूला केली आणि कप माझ्या हातात दिला.

महिन्यातला हा तिसरा कोरडा. जमीन काही मी बनवलेली नाही. गिऱ्हाईक दाखवेल तिथे मारतो. यात माझा काय दोष?

१२ फेब्रुवारी

सात नंबरची वही ट्रंकेत नव्हती. सव्वीस वर्षांत अशा अकरा वह्या भरल्यात. कुणाचा बोअर, किती फूट, काय काय निघालं, पाणी कुठे लागलं, लागल्यावर कुठवर येऊन उभं राहिलं. सातवी सापडली ती सूनबाईच्या शाळेच्या पुस्तकांत. ती विज्ञान शिकवते, तिच्या फळीवर कायम पसारा. समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. हिला विचारलं तर म्हणे, मी कशाला हात लावू तुमच्या दगडांना. उंदीर वही कुरतडतात, पेन्सिल चालवत नाहीत. जाऊ दे. ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली सगळ्यांना दिसेल अशी खिळ्याला अडकवली, म्हणजे हरवायला नको.

१९ फेब्रुवारी

नर्सबाई घरी आल्या. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्या पाणी समितीच्या अध्यक्ष आहेत. मला वाटलं, माझी पाठ कशी आहे ते विचारायला आल्या. तर म्हणाल्या, समितीत या. मी हसलोच. म्हटलं, बाई, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय.

त्या हसल्या नाहीत. "चोर नाही म्हणत मी तुम्हाला. पण कुलूप कुठं आहे ते तुम्हालाच ठाऊक आहे."

मग वह्यांचं काढलं. घराबाहेर कुणाला माझ्या वह्यांची खबर नाही, तरी बाईंना त्या अकरा आहेत हेसुद्धा माहीत. विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाल्या, लहान गावात सगळंच कळतं. सूनबाई चहा घेऊन आली होती, ती कपात बघत उभी राहिली. साखर घालायची विसरली असावी.

मी सांगून टाकलं, वह्या मिळणार नाहीत. धंद्याची गोष्ट आहे. रोग्याचे कागद कुणी चव्हाट्यावर मांडतं का, तुम्हीच सांगा.

"साथ आली की मांडावे लागतात," नर्सबाई म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या. चहात साखर होती.

२ मार्च

बर्फवाल्याने बोलावलं. त्याचा कारखाना वस्तीच्या पलीकडच्या टोकाला, सखलात. आमची दोस्ती तीस वर्षांची. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांची इंजेक्शनं थंड ठेवायला हा रोज स्वतः सायकलवरून बर्फ आणायचा. ते मी जन्मात विसरणार नाही. त्याचे तिन्ही बोअर माझ्याच हातचे. आता तिन्ही दमलेत आणि उन्हाळा तोंडावर आलाय. मासेवाले, दूधवाले, औषधवाले, सगळ्यांना त्याचाच बर्फ लागतो. चौथा बोअर हवा म्हणाला, सातशे फूट. मी शब्द दिला. तारीख वीस.

मुलगा खूश. त्याला हजार फूट जाणारी नवी गाडी घ्यायची आहे, हे काम म्हणजे त्याची सुरुवात. जेवताना त्याने हे सांगितलं आणि सूनबाई अर्ध्या ताटावरून उठली. दोघांचं काहीतरी बिनसलंय. नवराबायकोच्या भांडणात आपण पडू नये.

७ मार्च

शिंप्याची आई पडली. मागच्या आळीतला हातपंप हल्ली दुपारपर्यंत नुसती हवा ओढतो, म्हणून बायका टेकाडावरच्या टाकीवर जातात. त्या पायऱ्यांवरून भरल्या घागरीसकट घसरली. मनगट मोडलं.

बघायला गेलो. शिंपी मशीनवरून उठला नाही, मानही वर केली नाही. म्हातारी मात्र म्हणाली, "तू कशाला तोंड पाडतोस, बाळा? तू चारशे फूट खाली गेलास. आमचं नशीबच कोरडं, त्याला तू काय करणार?"

घरी येऊन अकरावी वही काढली आणि शिंप्याची नोंद पुन्हा वाचली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी काही केलेलं नाही हे तिलाही मान्य आहे, मग वही कशाला काढली?

१० मार्च

आज गाडी उभीच ठेवली. अकराही वह्या काढल्या आणि पहिल्या पानापासून वाचत बसलो. सव्वीस वर्षांत कधी सलग वाचल्या नव्हत्या. रोज लिहायचं आणि मिटवायचं, एवढंच.

पहिल्या वहीत पाणी वीस फुटांवर येऊन उभं राहतंय. चौथीत पस्तीस. सातवीत पंचावन्न. अकरावीत ऐंशी, नाहीतर कोरडा. बोअर कुणाचाही असो, थर तोच, लालच. गोड्या पाण्याची एकच चादर सगळ्या वस्तीखाली अंथरलेली. ती सपाट नाही, बर्फाच्या कारखान्याकडे उतरती आहे. ताट कललं की रस एका बाजूला जमतो, तसा. आणि नेमका त्या बाजूला मी तीन मोठे बोअर मारून दिलेत. त्याच्याखाली सातशे काय, हजार फूट गेलं तरी काळा दगडच. हे सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

गंमत म्हणजे, जिथे जिथे लाल थर लागला, त्या प्रत्येक नोंदीशेजारी पेन्सिलीचा ठिपका आहे. एकही चुकलेला नाही. म्हणजे हे मलाच केव्हातरी सुचलं असणार आणि मीच खुणा करून विसरलो असणार. वय झालं.

सगळ्या नोंदी मोजल्या, बाहेरच्यांनी मारलेले सतराही आठवून धरले. वस्तीतल्या दोनशे एकतीस बोअरपैकी दोनशे चौदा माझे.

१४ मार्च

वह्या पिशवीत भरून नर्सबाईंकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर आधीच नकाशा लावलेला. शाळेतल्या मुलांनी काढलाय म्हणाल्या. घरं, विहिरी, बोअर आणि खालून लाल खडूने ओढलेला थर. कलसुद्धा बरोबर. पोरं हुशार आहेत हल्लीची. सूनबाईही तिथे होती, शाळेचा कसलासा कागद द्यायला आली होती. मला पिशवीसकट बघून तिचे डोळे भरून आले. तिलाही मागच्या आळीचं वाईट वाटत असणार.

नर्सबाईंनी वह्या दोन्ही हातांनी घेतल्या. समितीत येतो म्हटलं, आणि महिनाअखेरीच्या सभेत मीच बोलायचं, असं ठरलं. मी म्हटलं मला बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, वाचता येतं ना?

२० मार्च

आज बर्फवाल्याकडे गाडी न नेता गेलो. तो फाटकातच उभा होता, माझ्या मागे गाडी शोधत होता. त्याच्या ऑफिसात बसलो. मी म्हटलं, बोअर मारणार नाही. कारणही सांगितलं. ताट, कल, सगळं.

त्याने समोरची हिशेबाची वही मिटली. मग म्हणाला, "तुझ्या वडिलांसाठी मी कधी हिशेब केला नव्हता."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर खोटं बोलून सातशे फूट धूळ काढून देत नाही तुला."

"मी बाहेरची गाडी बोलावीन."

"बोलाव. धूळच निघेल."

त्याने दार उघडून धरलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडून चहा न घेता निघालो. दिलेला शब्द मोडला, हेही पहिल्यांदाच.

घरी मुलगा आमच्याबरोबर जेवायला बसला नाही. ताट घेऊन अंगणात जाऊन जेवला. खाल्ल्या मिठाला जागलो नाही, असं त्याला वाटतं. मलाही थोडं तसंच वाटतं.

२९ मार्च

शाळेच्या मोठ्या वर्गात सभा झाली. बाकांवर माणसं, खिडक्यांत माणसं. मी वही उघडली आणि वर्षं, फूट, पाणी असं वाचत गेलो. आवाज थरथरत होता, पण आकडे थरथरत नाहीत हे एक बरं असतं. आठव्या वहीपर्यंत आलो तेव्हा शिंपी उठला.

"म्हणजे आमचं पाणी तुम्हीच संपवलंत," तो म्हणाला. "दर वेळी मशीन लावलंत, आणि हे सगळं वहीत लिहूनही ठेवलंत."

मला म्हणायचं होतं, तुम्हीच बोलावलंत, तुम्हीच 'मारा' म्हणालात. ते अगदी जिभेवर होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"हो. दोनशे चौदा माझे आहेत."

एवढंच म्हणून खाली बसलो. मग नर्सबाईंनी सभा हातात घेतली. भांडणं झाली, एक बाक मोडलं, तरी शेवटी ठरलं. नवा बोअर कुणीही मारायचा नाही. शेतपंप, घरपंप, कारखाना, सगळ्यांना तास ठरवून. दर सोमवारी बारा ठिकाणी पाण्याची पातळी मोजायची आणि आकडा चौकातल्या फळ्यावर लिहायचा. नियम मोडला तर दोन दिवस पंपाला कुलूप, मग घर कुणाचंही असो. बर्फवाला मध्येच उठून गेला.

परत येताना मुलगा माझ्याबरोबर चालला. वह्यांची पिशवी त्याने घेतली होती.

८ एप्रिल

बाहेरची गाडी आली. बर्फवाल्याने समितीला जुमानलं नाही. नर्सबाई दोनदा जाऊन आल्या, फाटक बंद. मी लांबून आवाज ऐकत होतो. आवाजावरून मला कळतं. दुपारी लाल थर ओलांडला आणि संध्याकाळपर्यंत त्याच त्या खणखणीत काळ्या दगडाचा सूर. कारखान्यावर करड्या धुळीचा ढग उभा होता. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

११ एप्रिल

बर्फवाला परवा सकाळी दारात. सातशे फूट धूळ, हे मला माहीत होतं. पण वर आणखी एक झालं. भुगा बाहेर फेकायला नव्या बोअरमध्ये सोडलेल्या हवेचा दाब लाल थरातून शेजारच्या जुन्या बोअरमध्ये घुसला आणि त्याचे तिन्ही बोअर गाळाने तुंबले. पंप लाल चिखल ओकतोय, कारखाना बंद, आणि दवाखान्याचा औषधांचा बर्फसुद्धा थांबलाय. बाहेरचा गाडीवाला केव्हाच निघून गेला.

"तू म्हणाला होतास," एवढंच म्हणाला. डोळे सुजलेले.

हिने त्याला बसवलं, चहा दिला. मी मुलाकडे बघितलं, तर तो आधीच गाडीची चावी घेऊन उभा. बोअर साफ करायला नियमाची आडकाठी नाही. तिन्ही धुऊन काढायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी स्वच्छ पाणी आलं तेव्हा बर्फवाल्याने ओंजळीत घेतलं आणि ते कुठे टाकावं हे न कळून तसाच उभा राहिला.

ठरवून दिलेल्या तासांच्या कागदावर त्याने सही केली. यंत्र थंड करायचं पाणी तो आजवर गटारात सोडायचा, ते फिरवून पुन्हा वापरायची सोयही करणार म्हणाला. म्हणजे मागत होता त्याच्या निम्म्यात भागेल.

१८ मे

सोमवार. अजून उतरतंच आहे. महिन्यात चार इंच. फळ्यासमोर लोक उभे राहतात आणि माझ्याकडे बघतात. नर्सबाई म्हणाल्या, ताप उतरण्याआधी चढायचा थांबतो, आधी तेवढं बघा. मागच्या वर्षी याच महिन्यात चार फूट उतरलं होतं, हे वहीत आहे. फळ्यावर मी तेही शेजारी लिहिलं.

३ जून

एक विचार मुलाच्या डोक्यात आला. कारखान्यातला तो सातशे फुटी कोरडा बोअर लाल थरातूनच खाली गेलाय. मग कारखान्याच्या एवढ्या मोठ्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी, खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून, त्यातच का सोडू नये? ताटाची खोलगट बाजू भरली की पाणी हळूहळू दुसऱ्या बाजूलाही चढेल. सूनबाईने त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं म्हणे. चांगलंय, दोघं बोलायला लागली.

बर्फवाला ऐकून म्हणाला, माझा मूर्खपणा तरी कामाला येऊ दे. खड्डा खणायला मागच्या आळीतली माणसं आली. शिंपीही आला. माझ्याकडे न बघता फावडं मागितलं.

१७ ऑगस्ट

लिहायला लाज वाटते. नियम पहिल्यांदा मोडला तो आमच्याच घराने. मुलाने गाडी धुवायला ठरलेल्या वेळेनंतर पंप लावला. पाऊणेक तास. म्हणाला, आता पाऊस झालाय, कोण बघतंय. शेजारणीने बघितलं.

समितीची बैठक माझ्याच घरी व्हायची होती. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही या विषयात बोलू नका. मी म्हटलं, बोलतो, आणि कुलूप मीच लावलं. किल्ली शिंप्याच्या हातात दिली. त्याने ती उगीच दोनदा उलटसुलट करून बघितली.

दोन दिवस मी आणि मुलगा घागरी घेऊन मागच्या आळीतल्या हातपंपावर उभे राहिलो. सगळी आळी दारात येऊन आमची मजा बघत होती. मुलाचे कान लाल झाले होते. शिंप्याची आई पंपाशीच बसली होती. हात बरा झालाय तिचा. म्हणाली, "दांडा सावकाश मार रे, आता हवा नाही ओढत तो."

चौथ्या दणक्याला पाणी आलं. मुलगा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि मग भरत राहिला. नव्या गाडीचं नाव त्यानंतर त्याने काढलेलं नाही. खड्ड्यांची आणि बोअर साफ करायची कामं त्याला सात जागी मिळालीत.

५ ऑक्टोबर

मागच्या ऑक्टोबरपेक्षा मागची आळी, दोन फूट पाच इंच वर. चौक, एक फूट दोन इंच. टेकाडावर अजून काही नाही, उलट दोन इंच खाली. वीस फुटांवर पाणी उभं असलेलं मी पुन्हा बघणार नाही बहुतेक. पण सव्वीस वर्षांत माझ्या हातून 'वर' हा शब्द पहिल्यांदाच लिहिला गेला. खडू मोडला. शिंप्याने खिशातून स्वतःचा कापड आखायचा खडू काढून दिला. म्हणाला, "हा घ्या, बोअरवाले. आणि टेकाडाचंही लिहा, लपवू नका." लिहिलं.

२२ ऑक्टोबर

डोंगरापलीकडच्या वस्तीतून तिघं आले होते. बोअर मारून हवा होता. आमच्या पाण्याचं ऐकून आले, आणि बोअरच मागत होते. त्यांना हसू की बसवून घेऊ, कळेना. बसवून घेतलं.

विचारलं, तुमच्याकडचे बोअर कुणी मारले? म्हणाले, एक म्हातारा गाडीवाला आहे. त्याने काही लिहून ठेवलंय का? नाही, त्याला लिहिता येत नाही. पण आठवतं सगळं. कुणाच्या दारात काय निघालं ते तो अजून सांगतो. लोक कंटाळतात.

म्हटलं, मी बोअर मारणार नाही. रविवारी येतो आणि त्या म्हाताऱ्याजवळ बसतो. तो बोलेल ते सगळं लिहून घेऊ, मग पुढचं बघू. ते तिघं एकमेकांकडे बघायला लागले. बोअरवाला बोअर मारायला नाही म्हणतो हे त्यांनी प्रथमच ऐकलं असणार.

ते गेल्यावर सूनबाई आतून आली. म्हणाली, "बाबा, रविवारी मीही येऊ का? लिहून घ्यायला."

ये म्हटलं. तिला दगडमातीतलं काय कळणार म्हणा, पण पोरगी चटपटीत आहे. माझ्याबरोबर चार वेळा फिरली की शिकेल.